जेरेमाया ओब्रायन : वाफेवर असताना पाहावी अशी आगबोट

सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला बांधलेली ‘एसएस जेरेमाया ओब्रायन’ ही जुनी मालवाहू आगबोट पाहायला जायचे असेल, तर तिच्या बॉयलरमध्ये आग पेटलेली असेल असाच दिवस निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. एरवीही ती पाहता येते आणि तीही भेट वाया जात नाही. पण थंड इंजिनाभोवती फेरी मारणे आणि तेच इंजिन फिरत असताना त्याच्या शेजारी उभे राहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय वाफेच्या दिवशी जहाजावरचे निवृत्त दर्यावर्दी केवळ माहिती सांगायला उभे नसतात, ते कामावर असतात. व्हॉल्व्ह फिरवता फिरवता किंवा तेलाची झारी हातात धरून माणूस जे सांगतो, ते खुर्चीत बसून सांगितलेल्या आठवणींपेक्षा नेमके असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेने एकाच आराखड्यावर झटपट २,७१० मालवाहू ‘लिबर्टी’ जहाजे बांधली, त्यांपैकी ही एक. मेन राज्यातील साउथ पोर्टलंड येथे जून १९४३ मध्ये ती पाण्यात उतरली. लांबी ४४१ फूट, वेग जेमतेम ११ नॉट, म्हणजे ताशी ११ सागरी मैल. १९४४ मध्ये दोस्त सैन्याने फ्रान्समधील नॉर्मंडीवर केलेल्या चढाईच्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्सचा किनारा यांच्या दरम्यान तिने ११ खेपा केल्या. युद्ध संपल्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुइसन उपसागरात राखीव म्हणून ठेवलेल्या जहाजांच्या रांगेत ती ३३ वर्षे पडून होती, आणि १९७९ मध्ये तेथून बाहेर पडली ती स्वतःच्या वाफेवर, हे मला तिच्या युद्धातील कामगिरीइतकेच मोलाचे वाटते. स्वतःच्या इंजिनावर चालू शकणारे दुसरे लिबर्टी जहाज म्हणजे बाल्टिमोरचे ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’.

या भेटीचा गाभा इंजिनखोलीत आहे. बॉयलरमधून दर चौरस इंचाला २२० पौंड दाबाने निघालेली वाफ आधी साडेचोवीस इंच व्यासाच्या सिलिंडरात, तेथून ३७ इंची सिलिंडरात आणि शेवटी ७० इंची सिलिंडरात जाते. दाब उतरत जातो म्हणून पुढचा प्रत्येक सिलिंडर अधिक मोठा. पूर्ण वेगात हे २,५०० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ७६ फेरे घेते. धक्क्याला बांधलेले असताना ते त्याहून पुष्कळ सावकाश फिरवतात, आणि नवख्याच्या दृष्टीने तेच बरे, कारण प्रत्येक दांडा कोठून कोठे जातो हे डोळ्यांना नीट टिपता येते. चार फूट वर-खाली होणारे ते लोखंड पाहताना सर्वांत जास्त लक्ष वेधून घेतो तो ऑइलरचा, म्हणजे इंजिनाला तेल देणाऱ्याचा, हात. दांड्याच्या वर-खाली हालचालीने फिरणारा क्रँक वर येण्याच्या क्षणी तो हात आत घालतो, बेअरिंगला तळव्याचा ओझरता स्पर्श करतो आणि क्रँक खाली जाण्याआधी हात बाहेर काढतो. स्पर्शाला ऊन लागले तर तेल वाढवायचे, फारच तापले असेल तर इंजिनियरला हाक मारायची. चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशा पाळ्यांत, जहाज डोलत असताना, हेच काम महिनोन्महिने केलेल्या माणसाकडून ते समजून घेण्याची संधी आता जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

या माणसांना धुराड्याविषयी बोलते करायचे असेल, तर प्रश्न वर डेकवर विचारू नये, खाली बॉयलरसमोर विचारावा. प्रवासी धुराडे बाहेरून पाहतो, बॉयलरची आग सांभाळणारा फायरमन ते आतून ओळखतो. त्याच्या लेखी धुराडे म्हणजे ज्वलनाचा आरसा : काळा धूर निघाला की हवा कमी पडते आहे, पांढरा निघाला की ती गरजेपेक्षा जास्त होते आहे, आणि जेमतेम दिसेल अशी फिकट तपकिरी छटा असली की सारे ठीक. युद्धकाळात ताफ्यातून जाताना काळा धूर म्हणजे क्षितिजापलीकडच्या पाणबुडीला दिलेला पत्ताच, त्यामुळे ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या कक्षातून, खाली येणारा पहिला निरोप बहुधा धुराविषयीच असे. बॉयलरच्या नळ्यांवर साचलेली काजळी वाफेच्या झोताने उडवण्याचे कामही शक्यतो रात्री, ब्रिजला विचारून आणि वारा बाजूने असतानाच करायचे, नाही तर ती सगळी धुतलेल्या डेकवर येऊन बसायची. हे ऐकल्यावर वर जाऊन तेच धुराडे पाहिले की त्याच्या अंगावरचा प्रत्येक नळ अर्थासकट दिसू लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हची जादा वाफ बाहेर सोडणारा नळ आणि भोंग्याकडे वाफ नेणारा नळ, दोन्ही त्याच्याच आधाराने वर गेलेले असतात. भोंगा वाजतो तेव्हा दूर उभ्या असलेल्याला आधी पांढरा ढग दिसतो आणि आवाज मागाहून पोहोचतो.

कोळशावरच्या त्याहून जुन्या आगबोटींची धुराडी उंच असत, ती दिमाखासाठी नव्हे. गरम हवेचा स्तंभ जितका उंच, तितकी भट्टीत हवेची ओढ अधिक. पंख्याने हवा ढकलण्याची सोय आल्यावर ही उंची कमी करता आली. अशा उंच धुराड्यांना चहूकडून तारांचे ताण असत आणि वाफ चढवताना ते सैल करावे लागत, कारण तापलेले धुराडे वाढते आणि ताठ तारा त्याला वाढू देत नाहीत. या गोष्टी ज्यांनी हाताने केल्या त्यांच्या बोलण्यात निरनिराळ्या जहाज कंपन्यांच्या धुराड्यांचे रंग हमखास येतात. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टच्या जहाजांचे निळे, माथ्याला काळे. क्लॅन लाइनचे काळ्यावर दोन तांबडे पट्टे. ब्रिटिश इंडियाचे काळ्यावर दोन पांढरे. क्युनार्डचे तांबडे, काळ्या माथ्याचे. नाव वाचता येण्याच्या कितीतरी आधी, क्षितिजावर नुसते धुराडे दिसताच जहाज कोणाचे हे खलाशी सांगत असत. ओब्रायनचे धुराडे मात्र युद्धकाळातल्या रिवाजाप्रमाणे करडे आहे, बुटके आहे आणि एकच आहे. ‘टायटॅनिक’च्या चौथ्या धुराड्यातून बॉयलरचा धूर जात नव्हता, ते वायुवीजनासाठी होते, येथे असे शोभेचे काही नाही, आणि मला हे बुटके धुराडेच जास्त आवडले.

डेक, ब्रिज, तोफा आणि खलाशांच्या खोल्या पाहण्यासारख्या आहेत, पण वेळ कमी असेल तर तेथे रेंगाळू नये. इंजिनखोलीच्या लोखंडी शिड्या उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी याचा आधीच विचार करावा. पायांत घट्ट बसणारे, न घसरणारे बूट असावेत आणि अंगावर तेलाचा डाग पडला तरी चालेल असे कपडे. खाली उकडते आणि आवाजही असतो, म्हणून सविस्तर प्रश्न इंजिन थांबलेले असताना विचारलेले बरे.

१९९४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईला ५० वर्षे झाली तेव्हा हे जहाज पनामा कालव्यातून स्वतःच्या वाफेवर फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आले. त्या वेळी इंजिनावर उभे राहिलेले अनेक जण युद्धात प्रत्यक्ष काम केलेले, सत्तरीच्या आसपासचे होते. ती पिढी आता जवळपास संपली आहे. नंतरच्या दशकांत वाफेच्या जहाजांवर नोकरी केलेले लोक आणि त्यांच्याकडून शिकून तयार झालेले तरुण स्वयंसेवक आज हे काम पुढे चालवत आहेत. तरुणांना पुस्तकी माहिती भरपूर असते, तरी तेथे एखादे वयस्कर गृहस्थ दिसले तर आधी त्यांच्यापाशी थांबावे.

वर्षातून मोजक्या वेळा हे जहाज उपसागरात फेरीलाही जाते. समुद्रावर चालती आगबोट अनुभवायची असेल तर ती फेरी घ्यावी. पण त्या दिवशी लोक पुष्कळ असतात आणि इंजिनखोलीतली माणसे खऱ्याखुऱ्या पाळीवर असतात. धुराड्याच्या आणि आगीच्या गोष्टी निवांत ऐकायच्या असतील, तर धक्क्यावरच वाफ चढवतात तो दिवस वेळापत्रकात पाहून ठेवावा आणि सकाळी लवकर जाऊन आधी खाली उतरावे.