सीओटू टाकीभर पोचवायचा कसा: डिफ्यूझर, इनलाइन की रिअ‍ॅक्टर?

पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीत रोपांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडताना सिलिंडर, रेग्युलेटर (गॅसचा दाब सांभाळणारा), सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) सगळं जागेवर असतं, बुडबुडेही मोजून सोडलेले असतात. तरी डावीकडची रोपं तरारलेली आणि उजव्या कोपऱ्यातलं कार्पेट, म्हणजे तळावर पसरणारी बुटकी रोपं, पिवळं पडून त्यावर काळं दाढीवालं शेवाळ! अशा वेळी बहुतेक जण बुडबुडे वाढवतात. कोपरा तसाच राहतो आणि मासे मात्र वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात.

गॅस पाण्यात विरघळवणं आणि विरघळलेला गॅस पानापर्यंत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. सीओटू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्यात पानाला चिकटून साचलेल्या पाण्याचा एक पातळ थर असतो, तोही आडवा येतो. म्हणजे पाणी हललं नाही तर गॅस स्वतःहून चार बोटंसुद्धा धड जात नाही. डिफ्यूझर, इनलाइन, रिअ‍ॅक्टर या गॅस विरघळवणाऱ्या तीन उपकरणांची तुलना मुख्यतः पहिल्या कामाची आहे. दुसरं काम पंप आणि पाइप करतात.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. ड्रॉप चेकर म्हणजे टाकीत लावायची छोटी कुपी. तिच्यात ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट कठीणतेचं माप), रंग बदलणारं द्रावण असतं. पीएच ६.६ च्या आसपास आला की ते हिरवं होतं, म्हणजे लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम सीओटू. (नुसतं हवेच्या संपर्कातलं पाणी लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम धरून ठेवतं.) हा चेकर डिफ्यूझरच्या डोक्यावर लावला तर हिरवाच दिसणार, त्यात नवल नाही. तो सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, तळाशी, लाकडाच्या मागे लावा आणि दोन तास थांबा, कारण रंग बदलायला तेवढा वेळ लागतोच. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाजता दुसऱ्या जागी लावून पाहा. सगळीकडे निळाच रंग असेल तर गॅस कमी पडतोय किंवा नीट विरघळत नाही. एका जागी हिरवा आणि दुसरीकडे निळा असेल, तर नवं उपकरण घेऊन फरक पडणार नाही, आधी प्रवाह सुधारायला हवा.

आता उपकरणांकडे. टाकीतला काचेचा किंवा सिरॅमिक चकतीचा डिफ्यूझर सर्वांत सोपा, लहान टाकीला तोच पुरतो. बुडबुडे वर जाऊन पृष्ठभागावर फुटले की तेवढा गॅस वाया गेला, म्हणून तो शक्य तितका खाली लावायचा आणि फिल्टरचं पाणी त्याच्या बुडबुड्यांना आडवं ढकलेल अशी सोय करायची. चकतीवर शेवाळ चढलं की बुडबुडे मोठे होतात. मग ब्लीचच्या पाण्यात भिजवणं, खळखळून धुणं आणि क्लोरीन काढणारं औषध घातलेल्या पाण्यात ठेवणं हे अधूनमधून आलंच.

इनलाइन अ‍ॅटमायझर कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेर ठेवायच्या डब्यासारख्या फिल्टरच्या) बाहेर जाणाऱ्या पाइपवर बसतो. टाकीत काही दिसत नाही आणि धुक्यासारखे बारीक बुडबुडे थेट प्रवाहाबरोबर लांबवर जातात. मधल्या आकाराच्या टाकीसाठी माझं मत यालाच. मात्र याला गॅसचा दाब चांगला लागतो, बहुतेकांना २ बारच्या आसपास. साखर-यीस्टच्या बाटलीवर तो चालत नाही, हे घेण्याआधीच लक्षात ठेवा. शिवाय पाणी सोडा वॉटरसारखं फसफसलेलं दिसतं. काहींना ते आवडतं, मला फोटो काढताना वैताग येतो.

रिअ‍ॅक्टर म्हणजे उभी नळी. पाणी वरून खाली येतं, बुडबुडे खालून वर जाऊ पाहतात आणि या ओढाताणीत विरघळून जातात. टाकीत एकही बुडबुडा येत नाही, पाणी काचेसारखं राहतं, गॅसही फारसा वाया जात नाही. मोठ्या टाकीला हाच उत्तम. त्याची किंमत प्रवाहात मोजावी लागते: फिल्टरचा जोर कमी होतो आणि मग कोपऱ्यांचा प्रश्न उलट वाढू शकतो. स्वतंत्र पंप देता येत नसेल तर आपला फिल्टर ओढतोय ना, हे आधी बघावं.

गॅसची नळी फिल्टरच्या तोंडात खुपसण्याचा फुकटचा उपायही आहे. चालतो, पण आत गॅस साठतो, इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) खडखडतो. तात्पुरता ठीक.

प्रवाहाच्या बाबतीत फिल्टरचं पाणी टाकीत सोडायला स्प्रे बार (ओळीने भोकं असलेली नळी) की लिली पाइप (फुलासारख्या तोंडाची काचेची नळी), हा वाद मला टाकीच्या आकारावर सोडवावासा वाटतो. लांबट टाकीत मागच्या काचेला पूर्ण लांबीचा स्प्रे बार लावला, की पाणी पुढच्या काचेवर आदळून खाली उतरतं आणि तळावरून मागे फिरतं, त्यामुळे कार्पेटला आपोआप वाटा मिळतो. लिली पाइप दिसायला देखणा, लहान टाकीत छान गोल प्रवाह देतो, पण मध्ये दाट झुडपं आली की पलीकडे काही पोचत नाही. अशा वेळी कोपऱ्यात छोटा पंप लावा, किंवा कात्री घ्या. छाटणीने उघडलेली वाट कित्येकदा पंपापेक्षा कामाची ठरते. टाकीच्या प्रत्येक भागात पानं हलकेच डोलली पाहिजेत, आडवी पडता कामा नयेत.

डिफ्यूझर काढून रिअ‍ॅक्टर लावणार असाल तर जुनेच बुडबुडे ठेवू नका. आधी जो गॅस पृष्ठभागावर फुटून जात होता, तो आता पाण्यात उतरणार आहे. निम्म्यापासून सुरू करा, सुट्टीच्या दिवशी करा, आणि दिवे लागल्यावर पुढचे काही तास मासे नजरेसमोर राहू द्या.