चार पंख्यांपैकी दोनच बदलले : बीएलडीसी पंख्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

लातूरच्या आमच्या घरात छताचे चार पंखे आहेत. त्यांपैकी बैठकीतला आणि आई-बाबांच्या खोलीतला, असे दोन काढून गेल्या फेब्रुवारीत तिथे १२०० मिलिमीटरचे फाइव्ह स्टार बीएलडीसी (ब्रशलेस डीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवले. चारही एकदम घेतले तर दुकानदार सवलत देणार होता. ती आम्ही नाकारली, आणि आज तो निर्णय मला पंख्याच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

निर्णयाआधी मी घरातल्या विजेच्या मीटरवर मोजणी केली. आमच्या मीटरवर ३२०० वेळा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट, असे छापलेले आहे. फ्रिजसकट सगळे बंद करून फक्त जुना पंखा पूर्ण वेगाने चालवला, तेव्हा दहा मिनिटांत दिवा ४१ वेळा लुकलुकला, म्हणजे साधारण ७७ वॅट. नवा बसवल्यावर तीच मोजणी १६ वर आली, म्हणजे ३० वॅट. बैठकीतला पंखा उन्हाळ्यात चौदा तास आणि खोलीतला दहा तास चालतो. त्यामुळे दोन्ही मिळून रोज एक युनिटाहून थोडी अधिक वीज वाचते. गेल्या वर्षी मे महिन्याचे बिल ३२८ युनिटांचे होते, यंदाचे २९६ युनिटांचे आले, आणि ३०० च्या वरचा महाग टप्पा टळला. उलट, पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून जेमतेम दोनशे तास फिरतो. तिथे तीन हजार रुपये घातले असते तर वर्षाला नऊ युनिटे वाचली असती. स्वयंपाकघरातल्या पंख्याचेही तेच. चालू स्थितीतली वस्तू केवळ नवी आली म्हणून काढून टाकणे मला पटत नाही.

फरक मोटरमध्ये आहे. जुन्या पंख्याच्या इंडक्शन मोटरमध्ये बरीचशी वीज उष्णतेत जाते, म्हणूनच तासाभराने पंखा बंद करून हात लावला तर वरचा गोळा चांगलाच तापलेला लागतो. बीएलडीसीमध्ये कायमचुंबक आणि ते फिरवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, आणि तो जेमतेम कोमट होतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की आमचे जुने पंखे रेंगाळत. नव्यांचा वेग तसाच राहतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरही पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ टिकतो. मात्र भिंतीवरचा जुना रेग्युलेटर या पंख्याला चालत नाही, तो काढून वायर थेट जोडून घ्यावी लागते.

खरेदी करताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार लेबल सक्तीचे आहे, परंतु हे स्टार दर वॅटमागे किती हवा मिळते ते सांगतात, एकूण हवा किती ते नव्हे. त्यामुळे स्टार सारखे असूनही एका पंख्याचा वारा दुसऱ्यापेक्षा कमी असू शकतो. खोक्यावरचा हवेचा आकडाही वाचावा.

आईचे गुडघे दुखतात. पहाटे गारवा आला की तिला उठून भिंतीपर्यंत जावे लागे, आता उशाशी रिमोट असतो. एवढ्या एका सोयीसाठीही त्या खोलीतला पंखा मी पुन्हा घेतला असता.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. जुलैमध्ये विजा कडाडत असताना बैठकीतला पंखा थांबला तो थांबलाच. आमच्या गल्लीतला मेकॅनिक जुन्या पंख्याचा कंडेन्सर दहा मिनिटांत बदलतो, वाइंडिंग जळले तर दोन दिवसांत भरून देतो; इथे मात्र सर्किट बोर्डच गेल्याने त्याला काही करता आले नाही. वॉरंटीत बोर्ड मोफत मिळाला, पण त्याला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस माळ्यावर ठेवलेला जुना पंखाच पुन्हा टांगून काढले, कारण तो मी भंगारात दिला नव्हता. ग्रीस भरून, पाती पुसून तो पुन्हा माळ्यावर ठेवला आहे, आणि रेग्युलेटरही जपून ठेवला आहे. पुढचा पंखा घेताना मी किमतीआधी एकच विचारणार आहे : वॉरंटी संपल्यावर याचा बोर्ड सुटा मिळतो का, आणि तो लातुरात कोण बसवून देतो.