दशावताराच्या अंधारात नऊ महिने: कॅनन आर५० चा अनुभव

लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा डोळ्यांसमोर एकच जागा होती. देवळापुढचा मांड म्हणजे खेळाची मोकळी जागा, मधोमध लाकडी बाक, बाजूला पायपेटी आणि पखवाज, आणि पालखी फिरून आल्यावर उभा राहणारा दशावतार, कोकणातल्या जत्रांतलं रात्रभराचं लोकनाट्य. माझे मामा त्यात गेली कित्येक वर्षं स्त्रीपार्ट, म्हणजे बायकांच्या भूमिका, करतात. त्यांचं काम नीट जपून ठेवायचं होतं, फोटोही हवे होते आणि व्हिडिओही. फोनवर आजवर जे काढलं त्यात चेहरा म्हणजे पांढरा डाग आणि मागे काळोख.

बजेट ८० हजारांच्या आत. सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड३० आणि २०२३ साली आलेला कॅनन आर५०, या तिघांत महिनाभर घोळत होतो. तिन्हींचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फोनपेक्षा बराच मोठा, आणि तिन्हींच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, नाही. मी आर५० घेतला तो व्ह्यूफाइंडरसाठी, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीसाठी. बाकी दोघांना तो नाही. दुकानातल्या उजेडात त्याचं महत्त्व कळत नाही. मांडावर मात्र मागे चटईवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांवर रात्रभर स्क्रीनचा उजेड पडलेला बरा दिसत नाही. आता स्क्रीन उलटी फिरवून बंद करतो आणि डोळा लावून बसतो. कुणाला त्रास नाही, आणि बॉडी कपाळाला टेकल्यामुळे हातही कमी हलतो.

पहिल्या जत्रेतली अख्खी रात्र मात्र मी वाया घालवली. व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून कुठलंतरी वाचून सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर लावलं होतं. घरी लॅपटॉपवर पाहतो तर प्रत्येक दृश्यावरून काळसर पट्टे सरकताहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/६० त्या तालात बसत नाही, १/५० आणि १/१०० बसतात. तेव्हापासून मेनूत पाल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत), २५ फ्रेम, शटर १/५०, आणि ते मॅन्युअलच. फोटोला १/१०० ठेवतो. आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचा मोह होतो, पण या दिव्यांखाली फोटोतही तेच पट्टे येतात. शटरचा हलका ‘टक’ पखवाजापुढे कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा तो मोह सोडून दिला.

नवीन घेणाऱ्यांना माझं मुख्य सांगणं लेन्सबद्दल आहे. बरोबर मिळणारी १८-४५ मिमी झूम, म्हणजे किट लेन्स, लहान, हलकी आणि दिवसा छान आहे. पण झूम पूर्ण केलं की ती एफ/६.३ वर येते (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). दुसऱ्याच आठवड्यात मी आरएफ ५० मिमी एफ/१.८ घेतली. हिशेब मांडला तर ४५ ला असलेल्या किट लेन्सपेक्षा हिच्यातून सुमारे १२ पट उजेड आत येतो. ज्या दृश्याला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत रवे येतात) १२८०० लागत होता ते १६०० च्या आतबाहेर निघू लागलं. फोटोतले रवे जाऊन रंगाचा पोत दिसला. कॅमेरा तोच होता.

रंगपटातला, म्हणजे रंगभूषेच्या जागेतला, एक फोटो तेव्हाचा आहे. मामा बाकावर बसून, आरसा गुडघ्यावर ठेवून डोळ्यात काजळ घालताहेत. मागच्या बल्बचा उजेड नथीच्या एका मोत्यावर पडलाय आणि पापणीवर घामाचा एक थेंब आहे. त्यांना स्क्रीनवर दाखवला तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “रे, काजळाची रेघ सुद्धा दिसता मरे!”

या ५० मिमी लेन्सची अडचण अशी की तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. बॉडीतही नाही. किट लेन्समध्ये आहे. म्हणजे उजेड घेतला की स्थिरता जाते. सिग्माची १८-५० एफ/२.८ आता कॅननच्या या माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) मिळते, पण तिच्यातही स्टॅबिलायझेशन नाही. मी साधा ट्रायपॉड घेऊन पुढच्या कोपऱ्यात बसतो, त्यामुळे माझं भागतं. चालत चालत शूट करणाऱ्यांनी मात्र बॉडीतच स्टॅबिलायझेशन असलेला, फुजी एक्स-एस२० सारखा कॅमेरा बघावा, खर्च वाढला तरी.

फोकस डोळा धरून ठेवतो, आणि गडद रंगातल्या राक्षसाचाही सहसा धरतो. संकासुर, म्हणजे वेद पळवणारा राक्षस, आला की मात्र मी एकाच बिंदूवर फोकस ठेवतो. काळा मुखवटा, काळे कपडे, काळी रात्र. डोळाच दिसत नाही म्हटल्यावर कॅमेऱ्याने धरायचं कशाला?

आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक नाटक, शेवटच्या दहीकाल्यापर्यंत, म्हणजे उजाडेपर्यंत चालतं. ४के ला मिनिटाला सुमारे ९०० एमबी लागतात. त्यामुळे पूर्ण नाटक फुल एचडीत, तासाला १३-१४ जीबी, आणि युद्धनृत्य तेवढं ४के मध्ये. एक क्लिप तासाभराचीच होते, म्हणून गाणं संपलं की बंद करून पुन्हा चालू करतो. दुकानदाराने कॉम्बोमध्ये दिलेलं कार्ड पहिल्याच महिन्यात मध्येच थांबलं आणि पूर्वरंगातला, म्हणजे सुरुवातीच्या भागातला, गणपती चित्रित व्हायचा राहिला. आता व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी) लिहिलेली दोन कार्डं आणि तीन बॅटऱ्या असतात. हेडफोनची जागा कॅमेऱ्याला नाही, म्हणून बाहेरचा माइक लावून आवाजाची पातळी डोळ्यांनीच बघावी लागते. पट्टी -१२ डेसिबलच्या आसपास ठेवली की पायपेटी फाटत नाही.

लाल मातीत लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरा. लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो.

आणि पाऊस. कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. जूनपासून सगळं सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आहे, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल बदलतो. आठवड्यातून एकदा डबा उघडून दोन्ही लेन्स टॉर्चसमोर धरून बघतो. आज सकाळीच बघितल्या, काचा स्वच्छ आहेत. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या जत्रेपर्यंत त्या तशाच राहायला हव्यात, मामांनी यंदा द्रौपदी करायचं ठरवलंय.