टॅलीप्राइमचं रिस्टोअर: काम चोख, पण आधीची तयारी आपल्यालाच करावी लागते

ऑल्ट + वाय दाबा, रिस्टोअर निवडा, बॅकअपचा फोल्डर दाखवा, कंपनी निवडा. टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपमधला डेटा नव्या मशीनवर परत आणण्याचं हे काम इतकं सोपं आहे की दुकानातला अकाउंटंटही कुणाला न बोलावता करतो. त्यात व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी), लेजर (खाती), स्टॉक सगळं परत येतं, आणि या बाबतीत टॅली भरवशाचं आहे.

मात्र बॅकअपमध्ये फक्त कंपनीचा डेटा असतो. बिलाचा खास फॉरमॅट करून घेतलेली टीडीएल फाइल (टॅलीच्या भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम) त्यात नसते, टॅली डॉट आयएनआय या फाइलमधली टॅलीची सेटिंग्जही नसतात. लोगोचं तर नेहमीच होतं: टॅली फक्त चित्राच्या फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं. फाइल त्याच जागी नसली की बिल लोगोशिवाय छापलं जातं. म्हणून या तिन्ही गोष्टी जुन्या मशीनवरून आधीच वेगळ्या कॉपी करा.

डेटा कुठे ठेवायचा, हे रिस्टोअरच्या आधी ठरवा. डी ड्राइव्हवर साधा फोल्डर उत्तम. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स नको, कारण विंडोज 11 मध्ये हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि चालू फाइल सिंक होताना गोंधळ उडतो. काउंटरवरची मशीन नेटवर्कवरून डेटा उघडत असतील तर नव्या कॉम्प्युटरला जुनंच नाव द्या, शेअरचं नावही तेच ठेवा. नाहीतर प्रत्येक काउंटरवर पाथ बदलत बसावं लागेल. विंडोजमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लावून घ्या. अमेरिकन क्रम राहिला तर एक्सेलमध्ये टाइप केलेली 3-4 ही तारीख 3 एप्रिलऐवजी 4 मार्च होते.

लायसन्स जुन्या मशीनवर आधी सरेंडर करा, म्हणजे तिथून मोकळं करा, मगच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. नव्या मशीनवरचं टॅलीचं रिलीज (आवृत्ती) जुन्याइतकं किंवा त्याहून पुढचं हवं. रिलीज 3.0 ला डेटाची रचना बदलली, त्यामुळे तिथून पुढचा डेटा मागच्या रिलीजमध्ये उघडत नाही. टॅलीव्हॉल्ट, म्हणजे कंपनीच्या डेटाला पासवर्डचं कुलूप, लावलं असेल तर पासवर्ड हाताशी असू द्या. तो हरवला तर कंपनी उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

खरा धोका डेस्टिनेशनच्या, म्हणजे डेटा कुठे उतरवायचा त्या, रकान्यात आहे. टॅली प्रत्येक कंपनीला एक क्रमांक देतं; तिथे त्याच क्रमांकाची कंपनी आधीच असेल, तर बॅकअप तिच्यावर चढतो. नव्या मशीनवर दोन दिवसांची बिलं केली आणि मग जुना बॅकअप रिस्टोअर केला, तर ती बिलं गेली. त्यामुळे पहिला रिस्टोअर नेहमी रिकाम्या, वेगळ्या फोल्डरमध्ये करा. जुन्या मशीनवरून ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि स्टॉक समरीची पीडीएफ काढून ठेवलेली असावी. दोन्ही बेरजा आणि शेवटचा विक्री व्हाउचर नंबर जुळला, तरच तो पाथ कायमचा करा.

रिस्टोअरला पूर्ण गुण. मात्र मशीन बदलताना टीडीएल आणि सेटिंग्ज सोबत नेण्याची सोय टॅलीने त्याच मेनूत द्यायला हवी. छोट्या दुकानदाराची सगळ्यात जास्त अडचण तिथेच होते.