स्विंगच्या वेळी एकच विचार ठेवायचा तर कोणता: अंगाचा, तालाचा की गवताचा?

गोल्फ शिकायला लागून काही महिने झालेत, ग्रिप बसलीय, सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) दहापैकी चार वेळा मनासारखा लागतो, पण बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर न्यायला, सुरू करताना डोक्यात सहा सूचना एकदम बोलायला लागतात. अशा माणसासाठी हे लिहितोय, कारण मी स्वतः तिथे बराच काळ अडकलो होतो. डावा हात सरळ, कोपर अंगाशी, डोकं खाली, खांदे पूर्ण फिरव, वजन पुढे, घाई नको. एक ना धड भाराभर चिंध्या.

या सूचना चुकीच्या आहेत असं माझं म्हणणं नाही. त्या स्विंगमध्ये मावत नाहीत, एवढंच. जॉन नोवोसेल यांनी नामवंत व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगची चित्रफीत फ्रेम मोजून पाहिली, तेव्हा क्लब वर न्यायला लागणारा वेळ खाली येऊन चेंडूला भिडायच्या वेळेच्या साधारण तिप्पट निघाला. कुणाचं वर जायला 21 फ्रेम तर खाली यायला 7, कुणाचं 24 ला 8, कुणाचं 27 ला 9. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर खाली यायला जेमतेम पाव सेकंद मिळतो. तेवढ्यात काही नवीन आठवून दुरुस्ती करणं कुणालाच जमणार नाही. म्हणून एकच गोष्ट मनात धरून क्लब उचलावा, यावर बहुतेकांचं एकमत असतं. ती गोष्ट कोणती, इथे मात्र मतं फुटतात.

मी तीन पर्याय आलटून पालटून, प्रत्येकी काही आठवडे, इमानदारीने वापरून पाहिले. मी उजव्या हाताने खेळतो, डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

पहिला पर्याय अंगाचा. म्हणजे शरीराच्या एखाद्या भागावर लक्ष ठेवायचं. शिकवणारे बहुधा हाच देतात आणि त्याला कारण आहे: बाहेरून बघणाऱ्याला अंगच दिसतं. आरशासमोर, चेंडू न ठेवता, सावकाश सराव करताना याचा मला खरोखर फायदा झाला. खांदे अर्धवटच फिरत होते, ते तिथेच सुधारले.

मैदानावर मात्र या पर्यायाने मला वैताग आणला, आणि माझा निर्णय त्या वैतागावरच झाला. माझे चेंडू सारखे टॉप व्हायचे. वरच्या कडेला क्लब लागायचा आणि चेंडू उडण्याऐवजी जमिनीवरून घरंगळत जायचा. दर वेळी सोबतच्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "डोकं वर केलंस." अगदी प्रेमाने, मदत म्हणून. मला ते पटायचं, कारण चेंडू टॉप झाला म्हणजे डोकं वर गेलं असणार, असं मीही ऐकत आलो होतो. मग पुढच्या फटक्याला हनुवटी छातीत रुतवायची. त्याने उजवा खांदा हनुवटीखालून निघेना, स्विंग मधेच अडायचा आणि चेंडू पुन्हा घरंगळायचा. पुन्हा तेच वाक्य. कित्येक आठवडे हे असंच चाललं.

शेवटी एका मित्राला समोर उभं केलं आणि फोनवर चित्रण करायला सांगितलं. त्यात डोकं जागच्या जागी होतं. वजन मात्र सगळं उजव्या पायावरच राहिलेलं, आणि चेंडूपाशी येताना डावं कोपर दुमडत होतं. कोपर दुमडलं की क्लब तेवढा आखूड होतो आणि चेंडूच्या डोक्यावरून जातो. म्हणजे इतके दिवस मी न बिघडलेली गोष्ट दुरुस्त करत होतो! मला खुपलं ते हे, की फटका मारून झाल्यावर ठरवलेलं आपण केलं की नाही, हे आपल्याला कळतच नाही. डावा हात सरळ ठेवला असं मनापासून वाटतं, चित्रणात तो वाकलेला असतो. दर फटक्यानंतर दुसऱ्याला विचारावं लागतं, आणि दुसराही अंदाजच सांगतो.

या सूचनांना किती अपवाद आहेत, तेही सांगतो. डेव्हिड डुव्हाल आणि अनिका सोरेनस्टाम या दोघांचंही डोकं क्लब चेंडूला लागायच्या सुमारासच लक्ष्याकडे वळू लागायचं. दोघंही जगात पहिल्या क्रमांकावर होते. कॅल्विन पीट यांचं डावं कोपर लहानपणी मोडलं होतं आणि तो हात त्यांना पूर्ण सरळ करताच येत नव्हता. तरी त्यांनी पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, 12 स्पर्धा जिंकल्या आणि 1981 पासून सलग दहा वर्षं टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, सर्वांत अचूक चेंडू त्यांचाच पडत होता. यावरून हात वाकवून खेळा असं मी म्हणणार नाही. पण नवशिक्याने एवढ्या एका गोष्टीपायी जीव टांगणीला लावावा असंही काही त्यात नाही.

दुसरा पर्याय तालाचा. वर जाताना मनात एक-दोन-तीन, खाली येताना चार. हा पर्याय मला आवडतो, आणि ज्याची मुख्य अडचण घाई आहे त्याने आधी हाच करून पाहावा. पहिल्या टीवर चार माणसं मागे उभी असताना, हातात ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, असताना, मी आजही आकडेच मोजतो. मनगटातला ताण त्याने सुटतो.

उणीव एवढीच, की माणूस घाबरला की आकडेही त्याच्याबरोबर घाबरतात. मोजणं चालू असतं, फक्त भराभर. दुसरं म्हणजे, क्लब जमिनीला कुठे लागला याबद्दल ताल काहीच सांगत नाही. एकदा रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ताल इतका छान जमला होता की मीच खूश होतो, आणि तरी निम्म्याहून जास्त फटके चेंडूच्या मागे जमिनीत जात होते.

तिसरा पर्याय गवताचा. चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, साधारण चार बोटांवरचं गवत क्लबने घासायचं आहे. मनात एवढंच. चेंडू वाटेत येतो.

अंगाऐवजी क्लबकडे लक्ष द्यायची ही कल्पना जुनी आहे. अर्नेस्ट जोन्स हे इंग्लंडमधले व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. एका पायावरही आपण चांगलं खेळू शकतो हे लक्षात आल्यावर अंगाच्या सूचना बाजूला ठेवून क्लबचं डोकं झुलवायला ते शिकवू लागले. रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून ते झोका देऊन दाखवत. हात नीट झुलला तर रुमाल ताठ राहतो, मधेच हिसका दिला की ढिला पडतो. हे घरी किल्ल्यांचा जुडगा बांधून करून पाहा, दोन मिनिटांत हाताला फरक कळतो. पुढे 1999 मध्ये हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी अगदी नवख्या लोकांवर प्रयोग केला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ गेले, आणि नंतर काहीही न सांगता पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही तेच पुढे होते.

मला तो प्रयोग कळला तो बऱ्याच नंतर. मला पटवलं ते गवताने. सरावाचा स्विंग करायचा आणि खाली वाकून बघायचं: पाती कुठे वाकली, माती कुठून निघाली. चेंडूची जागा धरून त्याच्या पुढे निघाली असेल तर जमलं, मागे निघाली असेल तर नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आवाजही वेगळा येतो. नीट लागलं तर सर्र, मागे रुतलं तर धप्प. फटका संपायच्या आत आपल्याला कळलेलं असतं, आणि सोबतच्याने काही सांगायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. पुढचं गवत घासायचं म्हटलं की वजन आपोआप डाव्या पायावर येतं, कारण मागे रेलून ते गवत गाठताच येत नाही. डावा हातही लांब होतो, त्याला सांगावं लागत नाही. महिनाभर अंगाच्या सूचनांनी जे साधलं नव्हतं, ते माझ्या बाबतीत आठवड्याभरात बऱ्यापैकी साधलं. प्रत्येकाचं असंच होईल असा दावा नाही.

मर्यादा याही पर्यायाला आहेत. रेंजवरच्या चटईवर तो निम्मा निकामी होतो, कारण मागे लागलेला क्लब चटईवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि चूक झाकली जाते. टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेल्या चेंडूला ड्रायव्हर मारताना गवत घासायचंच नसतं. चेंडू उजवीकडे वळत जात असेल, म्हणजे स्लाइस होत असेल, तर गवत त्यावर औषध नाही; तिथे क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची सपाट बाजू) आणि स्विंगची दिशा पाहावी लागते. आणि दर आठवड्याला डोळस शिक्षक समोर असेल, तर अंगाचा विचारही चालून जातो, कारण मग खरं काय झालं ते सांगणारं कुणीतरी असतं. एकट्याने शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

निवड करायच्या आधी एक करून पाहा. सरावाच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, वाळूवर एक आडवी रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता वीस स्विंग करा, दर वेळी रेघेवर थोडं सरकून. वाळू रेघेच्या पुढच्या बाजूची उडाली पाहिजे. पहिले दहा अंगाचा विचार धरून, पुढचे दहा फक्त "पुढची वाळू" म्हणत. मग मागे सरकून दोन्हीकडच्या खुणा बघा. माझ्या पहिल्या दहांपैकी तीन खुणा रेघेपुढे होत्या, नंतरच्या दहांपैकी सात.