घरच्या प्रोजेक्टरला दिवा कोणता? हॅलोजन, मेटल हॅलाइड की एलईडी

घरी प्रोजेक्टर बांधायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न वॅटचा विचारतो. शंभर पुरतील, की चारशे लावू? मीही तिथूनच सुरुवात केली आणि त्या नादात एक पॅनल भाजून घेतलं. म्हणून वॅट जरा बाजूला ठेवू आणि दिव्यातून निघालेला उजेड पडद्यापर्यंत पोचतो किती, ते आधी बघू.

रचना अवघड नाही. मॉनिटरचं किंवा फोनचं एलसीडी पॅनल सोडवायचं, मागचा बॅकलाइट काढायचा आणि त्या जागी जोरदार दिवा लावायचा. दिवा आणि पॅनल यांच्यामधलं फ्रेनेल भिंग, म्हणजे वर्तुळाकार खाचांचं पातळ सपाट भिंग, किरण समांतर करतं. पॅनलपुढचं दुसरं फ्रेनेल ते पुन्हा गोळा करून प्रोजेक्शन भिंगात सोडतं. ओएलईडी पॅनल मात्र घेऊ नका. ते स्वतःच उजळतं, त्याच्यामागे दिवा लावून काही उपयोग नसतो.

सगळ्यात मोठी गळती पॅनलमध्ये होते. पहिला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारा पापुद्रा, निम्म्याहून जास्त उजेड गिळतो. उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांमध्ये जातो, कारण प्रत्येक उपपिक्सेल पांढऱ्या उजेडातला एकच रंग पुढे सोडतो. शिवाय पिक्सेलांमधल्या तारांच्या जाळीची सावली असतेच. अखेर शंभरातले पाच ते आठ भाग पलीकडे निघतात. फोनच्या दाट पिक्सेलांच्या पॅनलमधून बहुधा त्याहूनही कमी.

आता पडद्याची गरज. डिजिटल सिनेमाच्या मानकात पांढऱ्या पडद्याची तेजस्विता ४८ कँडेला प्रति चौरस मीटर धरतात. दोन मीटर रुंद, १६:९ आकाराच्या साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढं हवं तर सुमारे ३४० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) लागतात. हा आकडा लक्षात असू द्या.

हॅलोजन

यावर फार वेळ घालवायला नको. उजेडाचा रंग उत्तम, दिवा लगेच पेटतो, मंद करता येतो, ट्रान्सफॉर्मर सोडला तर सोबत काही लागत नाही. पण त्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत जाते आणि ते किरण उजेडाच्या झोतातूनच थेट पॅनलवर येतात. माझ्या २५० वॅटच्या दिव्यापुढे काही मिनिटांतच चित्राच्या मध्यावर नाण्याएवढा काळा डाग उमटला. मला वाटलं सिग्नल गेला. प्रत्यक्षात द्रव स्फटिक तापून त्यांची रचनाच विस्कटली होती. तशा अवस्थेत दोन पोलरायझरांमधून उजेड जात नाही. थंड झाल्यावर डाग गेला, म्हणून मी पुन्हा दिवा लावला. दुसऱ्या वेळी पोलरायझरच करपला आणि तो डाग कायमचा राहिला. शिवाय प्रखर प्रोजेक्शन हॅलोजनचं आयुष्य बऱ्याचदा ५० तासांच्या घरात असतं. भिंगांची मांडणी तपासायला हॅलोजन ठीक आहे, तेही पॅनल न लावता.

मेटल हॅलाइड

एका काळी घरगुती प्रोजेक्टर म्हटलं की हाच दिवा असे, आणि त्याला कारण होतं. एका वॅटमागे ८० ते १०० ल्युमेन, म्हणजे २५० वॅटमध्ये वीसेक हजार. कागदावर हा आकडा बघून कुणीही भुलेल. पण दिव्यातली प्रकाशकमान, म्हणजे दोन टोकांमधली सलग पेटती ठिणगी, चहूकडे उजेड फेकते. फ्रेनेलच्या वाट्याला येतो तो समोरच्या सुळक्यातला, म्हणजे शंकूसारखा पुढे पसरणारा भाग. पंधरा इंची पॅनलसाठी २२० मिलिमीटर नाभीय अंतराचं फ्रेनेल वापरलं तर तो सुळका मध्यरेषेपासून सुमारे ४२ अंशांचा होतो आणि त्यात एकूण उजेडाचा जेमतेम १३-१४ टक्के भाग मावतो. मागे अंतर्गोल आरसा लावून हा भाग पाव हिश्श्याच्या जवळ नेता येतो. आरशाचं वक्रताकेंद्र कमानीवर यायला हवं, पण अगदी नेमकं नको. परतलेली प्रतिमा कमानीच्या किंचित बाजूला पडली तर दिवा जास्त तापत नाही. हे जुळवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

सोबतचा लवाजमाही मोठा आहे. दिव्याचा प्रवाह आवरणारा बॅलास्ट लागतो, आणि तो चोकवाला असेल तर चांगलाच जड. पेटवायला काही हजार व्होल्टचा झटका देणारा इग्नायटर लागतो. पूर्ण उजेड यायला तीन ते पाच मिनिटं जातात. मधेच बंद झाला तर गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, म्हणजे चित्रपट ऐन रंगात आलेला असताना दहा-पंधरा मिनिटं अंधारात बसायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अतिनील किरण. बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहू शकते आणि त्या उजेडात डोळे भाजतात. बाहेरचं आवरण नसलेला दोन टोकांचा दिवा तर अतिनील अडवणाऱ्या काचेमागेच हवा. विजेच्या कामाचा हात बसलेला नसेल तर हा दिवा सोडून द्या.

सीओबी (चिप-ऑन-बोर्ड) एलईडी

शंभर वॅटच्या एलईडीचं साधं रूप म्हणजे दहा बाय दहा बारीक चिपांचा चौकोन, वर पिवळसर फॉस्फर. चांगल्या प्रतीचा असला तर सुमारे ९,००० ल्युमेन. मेटल हॅलाइडच्या निम्म्याहून कमी, मग हा का घ्यायचा? कारण एलईडी फक्त पुढच्या बाजूला उजेड देतो. त्याच ४२ अंशांच्या सुळक्यात याचा जवळजवळ ४५ टक्के उजेड येतो, म्हणजे सुमारे ४,०००. आरसा नीट बसवलेला २५० वॅटचा मेटल हॅलाइड ५,००० च्या आतबाहेर देतो. अडीचपट वीज, दुपटीहून जास्त ल्युमेन, आणि शेवटी हाती येणारा फरक एवढाच.

पुढचा हिशेब जरा निराशाजनक आहे, पण तो करून ठेवलेला बरा. फ्रेनेलवर पडणारा झोत गोल आणि पॅनल आयताकृती, त्यामुळे १६:९ पॅनलवर त्यातला ५४ टक्केच पडतो. पॅनलचे ६ टक्के आणि भिंगाचे ८५ टक्के धरले की उरतात ११० ल्युमेन. एलईडीपुढे जाड बहिर्गोल कंडेन्सर भिंग लावून ६० अंशांपर्यंतचा उजेड पकडला तर हा आकडा १८५ च्या आसपास जातो. म्हणजे पूर्ण अंधारात दीड मीटर रुंद पडद्यावर सिनेमागृहाच्या तोडीचं चित्र. दोन मीटरवर ते निम्म्याच्या थोडं वर राहतं. बघण्याजोगं असतं, पण खिडकी उघडी ठेवून नाही.

उष्णतेचा फरक तर मला सगळ्यात जास्त पटला. एलईडीची उष्णता पाठीमागून निघते, झोतात अवरक्त जवळपास नसतं. संगणकाच्या प्रोसेसरचा मोठा कूलर आणि थर्मल पेस्ट, एवढ्यावर भागतं. तरीही पॅनलला पंखा द्यावाच लागतो, कारण त्यावर पडणाऱ्या उजेडाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिथेच उष्णता होतो. फ्रेनेल आणि पॅनल यांच्यात एक-दोन सेंटिमीटरची फट ठेवा आणि हवा तिथून खेळवा.

वीज देताना एक चूक सर्रास होते. असा एलईडी ३० ते ३६ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणून लोक सरळ ठरावीक व्होल्टचा पुरवठा जोडतात. एलईडी तापला की त्याची व्होल्टची गरज घटते, प्रवाह वाढतो, त्याने तो आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. म्हणून स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हरच घ्या. रंगात गडद लाल कमी पडतो, चित्र निळसर वाटतं. पॅनलच्या सेटिंगमधून ते बरंच सावरतं, थोडा उजेड गमावून.

व्यावसायिक प्रोजेक्टरचा दिवा

१९९० च्या दशकात फिलिप्सने आणलेल्या यूएचपी दिव्याची कमान जेमतेम एक मिलिमीटरची असते. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने याहून चांगलं काय हवं! पण आत पाऱ्याच्या वाफेचा दाब सुमारे २०० वातावरणांचा, आणि नेमका जुळणारा बॅलास्ट हवा. असा दिवा फुटला की खोलीत पारा पसरतो. मी तो लाकडी खोक्यात लावणार नाही.

मग ठरवायचं कसं

पॅनल आणि प्रोजेक्शन भिंग आधी पक्कं करा. दिव्याची प्रतिमा दोन फ्रेनेल मिळून प्रोजेक्शन भिंगात पाडतात आणि ती त्यात मावली पाहिजे. एलईडीचा उजळणारा चौकोन २२ मिलिमीटरचा, कंडेन्सरमुळे तो २८ चा भासतो. २२० आणि ३३० मिलिमीटरची फ्रेनेल घेतली तर प्रतिमा दीडपट, म्हणजे ४२. पंधरा इंची पॅनलच्या ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगात ती आरामात बसते. म्हणून मोठ्या पॅनलला १०० वॅटचा एलईडी, आणि दोन मीटरच्या पडद्याचाच हट्ट असेल तर ४०० वॅटचा मेटल हॅलाइड.

साडेपाच इंची फोनच्या पॅनलचं गणित उलटं आहे. तिथे १२० मिलिमीटरचं फ्रेनेल आणि ५० मिलिमीटरचं भिंग असेल, तर तितकाच उजेड पकडताना त्याच एलईडीची प्रतिमा ५७ मिलिमीटरची होते. कडांवरचा उजेड भिंगाबाहेर सांडतो. मोठा एलईडी लावाल तर सांडणं वाढेल, चित्र नाही. तिथे लहान चौकोनाचा ३० ते ५० वॅटचा एलईडी घ्या.

हे सगळं पॅनल न लावताही कळतं. दिवा आणि दोन्ही फ्रेनेल जागेवर बसवा, एलईडी अगदी कमी प्रवाहावर पेटवा आणि प्रोजेक्शन भिंगाच्या जागी पांढरा कागद धरा. त्यावर चिपांच्या चौकोनाची प्रतिमा दिसेल. पट्टीने ती मोजा आणि भिंगाच्या व्यासाशी ताडून बघा.