मरळीसाठी रबरी किडे आणि फिनेस जिग: हिवाळा-उन्हाळा वापरल्यावर

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा आपल्या पाण्यात नाही, हे आधीच सांगतो. हे सामान अमेरिकेतल्या बाससाठी बनलेलं. रबरी गांडूळ तिकडे ओहायोत निक क्रीमने १९४९ साली काढलं. मी ते हतनूर धरणाच्या फुगवट्यात आणि गिरणेच्या डोहांत मरळीवर चालवतोय. काठावरच्या भोईदादांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई रबर मासा खाई का रे भाऊ?"

खातो. पण हात आवरला तरच.

पाच इंची किडा मधोमध गळाला अडकवायचा (वॅकी म्हणतात), शिसं लावायचंच नाही. त्यात मीठ मिसळलेलं असतं, म्हणून तो आपल्या वजनाने सावकाश बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. आपण फक्त दोरी किंचित ढिली सोडायची. मासा बहुतेक वेळा किडा खाली जातानाच घेतो. हाताला झटका बसेलच असं नाही. दोरी आडवी सरकते किंवा मधेच बुडायची थांबते. म्हणून नजर दोरीवर हवी, काठीच्या टोकावर नाही. किड्याला मधे छोटी रबरी रिंग चढवून गळ तिच्यात घाला, नाहीतर फेकतानाच किडा तुटतो. मरळीच्या दातांपुढे मात्र रिंगचं काही चालत नाही.

पाणवनस्पतीत वॅकी उपयोगाची नाही, उघडा गळ लगेच अडकतो. तिथे टेक्सास रिग: पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं आणि गळाचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं.

फिनेस जिग (शिशाच्या डोक्याचा, झालर लावलेला हलका गळ) मी साडेतीन ग्रॅमची घेतली. रबरी झालर थोडी कापून आखूड केली, अडकू नये म्हणून असलेले ताठ केसही विरळ केले. दगडाळ तळावर ती ओढायची नाही, टेकवत टेकवत आणायची. गळ बारीक तारेचा असतो. मासा लागल्यावर जोरात हिसका दिला तर गळ सरळ होतो. आधी रील फिरवून ढील काढा, मग काठी आडवी ओढा. मरळीचं तोंड हाडाचं, त्यामुळे इथे ही जिग मला तरी कमीच पडली. तिलापियाने मात्र तिला बरीच टोचणी दिली.

तक्रार उन्हाची. मे महिन्यात भुसावळला गाडीत पाकीट राहिलं की किडे मऊ पडून वाकडे होतात आणि वाकडा किडा बुडताना गरगर फिरतो. तरंगणारे, खूप ताणले जाणारे किडे वेगळ्या डबीत ठेवा. साध्या किड्यांसोबत ठेवले तर दोन्ही वितळून चिकटतात.

धरणात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या. पावसाळ्यात मरळ लाल पिल्लांचा थवा राखत असेल तर तिथे गळ टाकू नका.

पुन्हा घेताना हिरवट-तपकिरी किडे भरपूर घेईन, जिग एखाददुसरीच.